बिजागरीवरचं बोट

न्येन्दोच्या वळणावर, मसाका शहराकडे जाणारा रस्ता जिथे चढाला लागतो, तिथे अनातोली लुतायाची सुतारशाळा होती. म्हणजे अर्धी त्याची आणि अर्धी त्याच्या मेव्हण्याची, सेंदावुलाची. पलंग, कपाटं, काचेच्या दारांची शोकेसं असं सगळं रस्त्याच्या कडेला उघड्यावरच मांडलेलं असे. ट्रक गेला की लाल धूळ उडून त्यावर बसे, आणि रोज सकाळी कुणी ना कुणी ती ओल्या फडक्याने पुसून काढी.

अनातोलीने तीस वर्षं रंध्याचं मशीन चालवलं. मुवुलेच्या टणक लाकडाची फळी आत सरकवली की ते मशीन असं किंचाळायचं, की रस्त्यापलीकडचा चपातीवाला गिऱ्हाइकाशी बोलता बोलता थांबायचा आणि फळी बाहेर येईपर्यंत नुसता हातवारे करत राहायचा. अनातोलीने कानात कापसाचा बोळासुद्धा कधी घातला नाही. कुणी म्हटलंच तर तो म्हणे, "कानात बोळे घालून फिरायला मी आजारी आहे का? मशीन बोलतं माझ्याशी. ते ऐकायला नको?" त्यात तथ्यही होतं. फळीत गाठ कुठे आहे, पातं कधी बोथट झालं, हे त्याला बघावं लागत नसे.

पण त्याचा खरा मान होता तो दारं बसवण्यात. कपाट कुणीही जोडावं, दार मात्र अनातोलीनेच लावायचं, अशी तिथली रीत पडली होती. बिजागऱ्या बसवून झाल्या की तो एका बोटाने दार लोटी आणि मान कलती करून उभा राही. काही खुपलं तर पुन्हा पेचकस हातात घेई. आजूबाजूच्या चार गावांत त्याची कपाटं होती आणि त्यांतलं एकही कुरकुरत नाही, असं तो छाती पुढे काढून सांगे.

म्हणूनच नालोंगो जेव्हा म्हणाली, "फुंडी, तुमचं कपाट रडतंय," तेव्हा त्याला ती चेष्टाच वाटली. सुताराला तिकडे फुंडीच म्हणत.

या बाईचं खरं नाव इमेल्डा. पण जुळ्यांची आई म्हणून सगळा बाजार तिला नालोंगोच म्हणे. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. लग्नाकार्याच्या गोमेस्या, म्हणजे बायकांचे उंच बाह्यांचे पायघोळ झगे, शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि शिवून झालेल्या गोमेस्या धुळीपासून जपायला तिने अनातोलीकडून दोन दारांचं, पुरुषभर उंचीचं कपाट करून घेतलं होतं. त्याला अजून दहा दिवसही झाले नव्हते.

अनातोली तेलाची बाटली घेऊन तिच्या दुकानात गेला. दोन थेंब वरच्या बिजागरीत, दोन खालच्या. दार चारदा उघडलं, चारदा मिटलं.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"गेला आवाज."

नालोंगोने हातातली कात्री खाली ठेवली. "फुंडी, आत्ता तुम्ही दार मिटलंत तेव्हाही तो आला."

"तुमच्या मशिनी खडखडतायत, त्यांचा असेल."

आठवड्याने ती पुन्हा आली. या वेळी त्याने ग्रीस फासलं आणि मनातल्या मनात ठरवून टाकलं, की या बाईला काहीतरी फुकट करून हवं आहे. तिसऱ्या वेळी ती बोलायला आली नाही. तिने कपाटच हातगाडीवर घातलं, आपल्या तीन शिवणाऱ्या बायका मागे घेतल्या आणि भर सकाळी वरात काढल्यासारखी ती सुतारशाळेसमोर येऊन उभी राहिली.

"मशीन बंद करा," ती म्हणाली.

सेंदावुलाने मशीन बंद केलं. कावुमा नावाचा मशीनवरचा माणूस, जो अनातोलीच्या हाताखाली पंधरा वर्षं होता, तो हात पुसत पुढे आला. चपातीवाला रस्ता ओलांडून आला. नालोंगोने दाराला धरलं आणि सावकाश उघडलं.

कावुमाने दात आवळले. चपातीवाल्याने "अरे देवा," म्हटलं. कोपऱ्यात बांधलेल्या शेळीनेही मान वळवून पाहिलं.

अनातोलीने मान कलती केली, नेहमीसारखी. त्याला ट्रकची घरघर ऐकू आली, लांब कुणीतरी लाकडं फोडत होतं ते ऐकू आलं. दारातून काहीच नाही.

"कुठे आहे आवाज?" तो म्हणाला.

तिघींपैकी एक खुदकन हसली. तिच्या मागोमाग चपातीवाला हसला. अनातोलीचा चेहरा तापला. "तुम्ही सगळे मिळून माझी खिल्ली उडवायला आलात का? कावुमा, तू सांग. येतो आवाज?"

कावुमा जमिनीकडे बघू लागला.

नालोंगो मात्र हसत नव्हती. ती त्याच्याकडे निरखून बघत होती. तिच्या लक्षात आलं होतं, की आपण बोललो की हा माणूस आपल्या डोळ्यांत बघत नाही, ओठांकडे बघतो. ती काही न बोलता त्याच्या पाठीमागे गेली आणि घरात बोलतात तशा हलक्या आवाजात म्हणाली, "फुंडी, तुमच्या शर्टाला मागे भोक पडलंय."

सेंदावुलाने शर्टाकडे पाहिलं. बायकांनी पाहिलं. अनातोली तसाच समोर बघत उभा.

नालोंगो फिरून त्याच्या पुढ्यात आली आणि एकेक शब्द मोकळा करत म्हणाली, "तुम्ही खोटं बोलत नव्हतात. मला उगाच तसं वाटलं होतं. मला माफ करा, फुंडी."

लोक हसत होते तोवर त्याला नुसता राग आला होता. आता सगळे गप्प झाले, आणि ते त्याला जास्त लागलं. त्याने खांद्यावरचं फडकं मशीनवर टाकलं आणि चढाच्या रस्त्याने घरी निघून गेला.

घरी पास्काझिया, त्याची बायको, अंगणात चटईवर कॉफीच्या बिया पसरत होती. भर सकाळी नवरा परत आलेला पाहून ती उठली. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"दोन वर्षांपासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. तुम्हाला ऐकू गेलं नाही." हे बोलून तिचं तिलाच हसू फुटलं आणि तिने हाताने तोंड झाकलं. मग ती गंभीर झाली. "कोंबडीची पिल्लं पायाखाली येतात तुमच्या. लेओन्सिया फोनवर बोलते तेव्हा पोटच्या लेकीला तुम्ही नुसतं हं हं करता आणि फोन माझ्याकडे देता. मला वाटलं, वय झालं. पण चर्चमध्ये बायकांनी वरचा सूर लावला की तुम्ही घड्याळ बघायला लागता. तेव्हा कळलं मला."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला टेकडीवरच्या इस्पितळात नेलं. तिथे एका लहानशा खोलीत बसवून नर्सने त्याच्या कानांवर जाड गाद्या चढवल्या आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला तो भराभर दाबत होता. मग बराच वेळ काहीच आलं नाही. त्याला वाटलं, नर्स चहा प्यायला गेली असेल. काचेतून पाहिलं तर ती आपली काम करत बसलेली.

बाहेर आल्यावर तिने त्याला कागद दाखवला. रेघ बरीचशी सपाट जात होती आणि मग एकदम खाली कोसळत होती.

"जाडे आवाज येतात तुम्हाला. बारीक, उंच आवाज गेले," ती म्हणाली. "हे मशीनमुळे. गेलेलं परत येत नाही, बाबा. राहिलंय ते मात्र राखता येतं. मशीनपासून लांब राहिलात तर."

"कानात घालायचं यंत्र असतं ना?" पास्काझियाने विचारलं.

"असतं. नाव लिहून घेते. पण वाट पाहावी लागेल."

अनातोलीने कागदाची घडी करून खिशात घातली. वाटेत तो एवढंच म्हणाला, "तीस वर्षं मला वाटत होतं, मशीन माझ्याशी बोलतंय."

सेंदावुला दोनदा घरी येऊन गेला. "दाजी, मशीनवर नका येऊ. पॉलिश करा, सँडपेपर मारा, काहीही करा, पण येऊन बसा. तुमच्याशिवाय बरं वाटत नाही." अनातोली नको म्हणाला. ज्या जागी आपण दारं बसवली, त्या जागी सँडपेपर घेऊन कोपऱ्यात बसायचं, हे त्याला झेपणारं नव्हतं. तो घरीच राहिला. कॉफी उलटीपालटी करी, केळीच्या बागेत वाळकी पानं काढी, आणि दुपारी अंगणात स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत राही. बोलणं त्याने जवळजवळ सोडलं. पास्काझिया मोठ्याने बोलायला लागली तर तो म्हणे, "ओरडू नकोस." हळू बोलली तर म्हणे, "काय पुटपुटतेस?" तीही वैतागली.

असे सहा आठवडे गेले.

एके दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात मातोके, म्हणजे हिरवी केळी, उकडायला ठेवून शेंगदाणे सोलत होती. तिथे भांड्यांचं एक जुनं कपाट होतं, लग्नानंतर त्यानेच केलेलं. मीठ काढायला तिने दार उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हेही रडायला लागलं," ती म्हणाली. तो दारात उभा होता आणि तिच्याकडेच बघत होता, म्हणून त्याला कळलं.

"कुठून? वरून की खालून?"

"मला काय माहीत. सुतार तुम्ही."

तो आत आला. नेहमीप्रमाणे मान कलती करणार होता, पण थांबला. मग सवयीनेच, तेल कुठे घालायचं ते चाचपावं तसं, त्याने वरच्या बिजागरीवर बोट ठेवलं. "उघड," तो म्हणाला.

तिने दार ओढलं. त्याच्या बोटाखाली काहीतरी थरथरलं. इतकं बारीक, की मुंगी नखाखालून गेल्यासारखं.

"पुन्हा."

पुन्हा तेच. त्याने बोट खालच्या बिजागरीवर नेलं. तिथे काही नाही. लोखंड थंडगार, गप्प.

"आवाज नेमका कधी येतो?" त्याने विचारलं. "मी सांगेपर्यंत थांब. दार हळू ओढ, आणि आवाज आला की 'आता' म्हण."

ती दार ओढू लागली. "आता," ती म्हणाली. त्याच क्षणी त्याच्या बोटाला ती मुंगी लागली होती. तिने दार मिटलं. "आता," दोघं एकदमच म्हणाले.

पास्काझियाने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही," तो म्हणाला. "पण आला आवाज. मला माहीत आहे आला."

मग ते दोघं त्या थरथरीच्या मागेच लागले. शेंगदाणे तसेच राहिले, मातोक्याचं पाणी आटलं, आणि घरातलं एकूणएक दार उघडून मिटून झालं. कपड्यांचं कपाट, परसाचं दार, लेओन्सियाची जुनी पेटी. ती "आता" म्हणायची, तो बोटाने पडताळायचा. दुसऱ्या दिवशी ती त्याला शेजारणीकडे घेऊन गेली. "आमच्या ह्यांना तुझी दारं बघायचीत," एवढंच सांगितलं. शेजारणीला वाटलं, सुताराला घरी बसून वेड लागलं. पण तिच्या दारांनी नंतर तोंड उघडलं नाही, तेव्हा ती आपल्या बहिणीचं घरही दाखवायला घेऊन गेली.

दोनतीन आठवड्यांत अनातोलीच्या बोटाला पुष्कळ कळायला लागलं. बिजागरीचा खिळा कोरडा असेल तर थरथर सलग येते, दार उघडायला लागल्यापासून थांबेपर्यंत. स्क्रूचं डोकं वर राहून समोरच्या पत्र्याला घासत असेल तर शेवटी, दार मिटता मिटता एक धक्का बसतो. दार ओघळलं असेल आणि लाकूड चौकटीला लागत असेल, तर बिजागरी गप्प असते आणि थरथर फळीच्या खालच्या कोपऱ्यात येते. बोटाने भागलं नाही तर तो पेचकसाचं टोक लोखंडाला लावी आणि मूठ हनुवटीला टेकवी. हाडाला जास्त कळतं, हे त्याने असंच शोधून काढलं.

एक गोष्ट त्याच्या मनाला लागली. पूर्वी आवाज आला की तो तेल घालून मोकळा व्हायचा. आता त्याला कळत होतं, की तेलाने तक्रार चार दिवस गप्प बसते. धूळ तेलाला चिकटते, चिखल होतो आणि दार पुन्हा रडतं. म्हणून तो खिळा ठोकून बाहेर काढी, रॉकेलने धुई, राखेने घासून चकचकीत करी आणि मेणबत्ती चोळून परत बसवी. ढिल्या स्क्रूच्या भोकात बांबूची काडी ठोकून मगच स्क्रू पिळी. तासाभराचं काम, पण मग पुन्हा बघावं लागत नसे.

तेव्हा त्याला नालोंगोचं कपाट आठवलं.

तो तिच्या दुकानात गेला तेव्हा सगळ्या मशिनी चालू होत्या. कपाट आपल्या जागी होतं. सेंदावुलाच्या माणसांनी तेल घालून परत पाठवलं होतं, पण आठ दिवसांत ते पुन्हा बोलायला लागलं, म्हणून नालोंगोने दाराच्या फटीत गोमेसीच्या कापडाची एक चिंधी कोंबून ठेवली होती. जांभळी, चकचकीत.

"फुंडी," ती उठून उभी राहिली. "या. कसे आहात? घरी सगळे बरे?"

"बरे आहेत. तुमची जुळी कशी आहेत?"

"भांडतात." मग तिची नजर त्याच्या हातातल्या डब्याकडे गेली. "हे काय?"

"कपाट नीट करायला आलोय."

तिघीजणींनी एकमेकींकडे पाहिलं. नालोंगो थोडी घुटमळली. "वाईट वाटून घेऊ नका. पण झालं की नाही हे तुम्हाला कळणार कसं?"

"तुम्ही सांगाल. आधी मी सांगतो, मग तुम्ही सांगा."

त्याने चिंधी काढून तिच्या हातात दिली, वरच्या बिजागरीवर बोट ठेवलं आणि दार ओढलं. खालच्या बिजागरीवर ठेवून ओढलं. मग डावं दार. मग पुन्हा उजवं. मशिनी एकेक करून थांबल्या.

"सगळ्यांनी नुसतं तेल घातलं," तो म्हणाला. "माझ्यासकट. दुखणं वर आहे. उजव्या दाराला."

"आम्हाला तर खालूनच ऐकू येतं," ती हसणारी बाई म्हणाली.

"फळीतून उतरतं ते. सुरू वर होतं."

त्याने दार उतरवून जमिनीवर आडवं ठेवलं आणि वरची बिजागरी सोडवली. तीन स्क्रूंपैकी मधला वाकडा गेला होता. त्याचं डोकं एका बाजूने वर आलं होतं आणि समोरच्या पत्र्यावर त्याने चंद्रकोरीसारखा ओरखडा पाडला होता. अनातोली तो स्क्रू हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. हा त्याने स्वतः पिळला होता. वाकडा जाणारा स्क्रू लाकडात जाताना वेगळा वाजतो. पूर्वी त्याला ते ऐकू यायचं, आणि तो तिथेच थांबून उलटा फिरवायचा. या वेळी ऐकू आलं नाही, म्हणून तो पिळत गेला.

"चूक माझी होती, नालोंगो," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तेलाने जाण्यासारखं नव्हतं ते."

"राहू द्या हो."

"राहू कसं द्यायचं? तुम्ही तीनदा आलात आणि तीनदा मी तुम्हाला खोटं ठरवलं."

नालोंगोने स्टूल ओढून त्याच्यासमोर ठेवलं आणि एकीला चहा आणायला पाठवलं.

बांबूची काडी ठोकून, नवं भोक सरळ पाडून, मेण चोळून त्याने दार परत बसवलं. मग तो मागे सरला आणि हात पाठीमागे धरून उभा राहिला. "आता तुम्ही."

नालोंगोने दार उघडलं. मिटलं. कपाटाला कान लावून पुन्हा उघडलं. ती हसणारी बाई पुढे आली आणि तिने जोरात ओढून पाहिलं, मग मुद्दाम रेंगाळत, मग अर्धं उघडून धरून. बाकीच्या दोघीही आल्या. अनातोली त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होता. बोटाने त्याला आधीच सांगितलं होतं, तरी त्याची नजर हलेना.

"काय?" त्याने न राहवून विचारलं.

नालोंगोने गंभीर तोंड केलं. "एक अडचण आहे, फुंडी."

"कसली?"

"आधी कुणी कपाट उघडलं की मला मशीनवर बसल्या बसल्या कळायचं. आता ही हसणारी गिऱ्हाइकाची गोमेसी अंगाला लावून आरशात बघत बसेल, आणि मला पत्ता लागणार नाही."

"मी कधी लावली?" ती बाई म्हणाली, आणि बाकीच्या दोघी एवढ्या जोरात हसल्या की त्यांचं हसणं अनातोलीला स्पष्ट ऐकू गेलं.

नालोंगोचं तोंड म्हणजे बाजाराची दवंडी. महिन्याभरात अनातोलीला घरी बसायला वेळ उरला नाही. सायकलच्या मागे डबा बांधून तो निघे. शाळेतलं वह्यांचं कपाट, फादरच्या झग्यांचं कपाट, एका म्हाताऱ्या मास्तरांचं पुस्तकांचं कपाट, ज्याचं दार त्यांनी आवाजाच्या भीतीने वर्षभर उघडलं नव्हतं. एकदा टेकडीवरच्या इस्पितळातूनही निरोप आला. बाळंतिणींच्या खोलीतलं औषधांचं कपाट उघडलं की झोपलेली बाळं दचकून उठत. भर दुपारी, अकरा बाळं झोपलेली असताना, अनातोली तासभर त्या कपाटाशी बसला, आणि हातोडीखाली फडकं धरून त्याने खिळे काढले. एकही बाळ उठलं नाही. कान तपासणारी ती नर्स दारातून बघत होती. तिने दोन्ही अंगठे वर केले आणि पुटपुटत काहीतरी म्हणाली. ते त्याला कळलं नाही, पण त्याने मान हलवली.

शेवटी सेंदावुला तिसऱ्यांदा आला. या वेळी तो आर्जव करायला आला नव्हता.

"दाजी, माझी गिऱ्हाइकं विचारतात, दारं कुणी बसवली? मी म्हणतो, माझ्या माणसांनी. तर म्हणतात, मग राहू दे. आता तुम्हीच सांगा मी काय करू."

अनातोली कॉफीच्या बिया निवडत होता. "मागच्या बाजूला, जिथे तू फळ्या रचतोस, तिथे मला भिंत घालून दे. मशीन आणि माझ्यामध्ये भिंत पाहिजे."

"देतो."

"आणि मशीनवरचा प्रत्येक माणूस कान झाकून काम करेल. ज्याच्या कानावर झाकण नसेल, त्याने रंधलेल्या फळीला मी दार लावणार नाही."

सेंदावुला हसला. "ऐकतील का ते? तुम्ही ऐकलं होतंत का?"

"नव्हतं ऐकलं. म्हणूनच म्हणतोय."

भिंत उभी राहिली. कान झाकायच्या गाद्याही आल्या, पिवळ्या, प्लास्टिकच्या. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना, चढवल्या. अडून बसला तो कावुमा. "दादा, मी तुमच्या हाताखाली शिकलो. तुम्हीच म्हणायचात, मशीन बोलतं. आता कान झाकून मला गाठ कशी कळणार?"

अनातोलीने त्याच्याशी वाद घातला नाही. कावुमाच्या फळ्या आल्या की तो त्या भिंतीला टेकवून ठेवी. आठ दिवसांत तिथे तीन कपाटांचं सामान बिनदाराचं उभं राहिलं. गिऱ्हाइकं सेंदावुलाला छळू लागली, सेंदावुला कावुमाला. नवव्या दिवशी अनातोलीने कावुमाचा हात धरून मशीनच्या टेबलावर, फळी बाहेर येते त्या बाजूला ठेवला, पात्यापासून चांगला लांब, आणि त्याच्या व स्वतःच्याही कानांवर पिवळ्या गाद्या चढवून एक गाठाळ फळी दुसऱ्या माणसाला आत सरकवायला लावली.

मशीन थांबल्यावर त्याने विचारलं, "गाठी किती होत्या?"

कावुमा हाताकडे बघत राहिला. "दोन. नाही. तीन. शेवटची लहान."

फळी उलटी करून पाहिली. तीन होत्या.

कावुमाने त्या दिवसापासून गाद्या घातल्या, पण अंगाला खाज सुटल्यासारखं तोंड करून. मग साधारण चार महिन्यांनी, एका शनिवारी तो भिंतीमागे आला आणि उगाच लाकडाची ढलपी खुडत उभा राहिला.

"दादा, सोमवारी तुम्हाला वेळ आहे का? त्या इस्पितळात... म्हणजे माझी बायको म्हणते, मी टीव्ही फार मोठ्याने लावतो."

सोमवारी सकाळी अनातोली त्याच्याबरोबर टेकडी चढला. कावुमा काचेच्या खोलीत गेला. अनातोली बाहेर बाकावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. काचेतून त्याला कावुमाचा अंगठा दिसत होता. अंगठा बटण दाबत होता. थांबत होता. पुन्हा दाबत होता. नर्स कागदावर टिंबं काढत होती. अनातोलीने ती मोजायला सुरुवात केली आणि मग सोडून देऊन तो अंगठ्याकडेच बघत राहिला.

कावुमा कागद घेऊन बाहेर आला. दोघांनी तो उजेडात धरला. रेघ शेवटी जराशी खाली वळली होती, पण कोसळली नव्हती.

"बारीक आवाज थोडे कमी झालेत," नर्स म्हणाली, दोघांना कळेल असं, तोंड समोर करून. "पण आहेत. असंच कान झाकून राहिलात तर राहतील." मग अनातोलीकडे वळून म्हणाली, "तुमचं यंत्रही पुढच्या महिन्यात येतंय. बोलणं कळायला सोपं जाईल."

टेकडीच्या पायथ्याशी एक बाई सकाळची कातोगो विकते, केळी आणि बीन्स एकत्र शिजवलेली. दोघं तिच्या बाकड्यावर बसले. कावुमाने दोन ताटं घेतली आणि पहिला घास घेण्याआधीच तक्रार सुरू केली, की त्या गाद्यांमध्ये घाम साचतो, कानामागे पुरळ उठतं, आणि पिवळा रंग कुणी निवडला कुणास ठाऊक, त्यात माणूस बदकासारखा दिसतो. अनातोली त्याच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेत होता.

"आतून कापड लावून घे," तो म्हणाला. "नालोंगोकडे जा. सुती माग. चकचकीत देईल, ते घेऊ नकोस."

"देईल का फुकट?"

"नाही देणार," अनातोली म्हणाला, आणि त्याने ताट पुढे ओढलं.